माझ्या पोटातलं पाणपिसवांचं बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. हे वाक्य ऐकून तुमच्यापैकी निम्म्यांना जांभई येणार, हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री, जुना फळा, मोडकी खुर्ची, सगळ्यांनी आपापलं रडगाणं तुम्हाला ऐकवून झालेलं आहे. पण जांभई अर्ध्यावर थांबवा! त्यांच्यापैकी कुणाच्या पोटात एकाच वेळी हजारो काळजं धडधडली होती का? माझ्या धडधडली! आणि तीही अशी, की बाहेरून दिसायची!

आता रीतसर सांगतो. माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेलं निळं प्लास्टिक साच्यात गेलं, साचा मिटला, उघडला, आणि मी तयार. बालपण एवढंच. मग आम्हा भावंडांना एकात एक बसवून छतापर्यंत रचलं. वरच्या भावाचं बूड माझ्या तोंडात आणि माझं खालच्याच्या. इतका एकोपा तुम्ही माणसांच्या घरात पाहिला नसेल. माझ्या कडेला साबणासाठी खळगा होता आणि तळाशी बदकाचं उठावाचं चित्र. लहान बाळांना आंघोळ घालायचा टब, हा माझा हुद्दा.

दुकानात मला घ्यायला एक तरुण जोडपं आलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने मला उलटं केलं, टिचकी मारली आणि कानाशी धरलं.

"अहो, टब आहे तो," बायको म्हणाली. "टिकटिक नाही करणार."

"चीर असली तर आवाजात कळते."

"मग? काय म्हणतोय?"

"घ्या म्हणतोय."

असा मी त्या घरात गेलो. थोड्याच दिवसांत माझ्यात एक मुलगी येऊन बसली. म्हणजे बसवली. तिची आई आधी माझ्या पाण्यात कोपर बुडवायची, मान डोलवायची आणि मगच तिला हळूच सोडायची. मुलगी हातपाय मारायची, पाणी उडवायची, बदकाला पायाच्या अंगठ्याने टोचायची. येणारा-जाणारा म्हणायचा, "टब छान आहे हो!" मुलीचं कौतुक त्याच्या नंतर. निदान मला तरी तसंच आठवतं.

पण मुली वाढतात आणि टब वाढत नाहीत. तिचे पाय बाहेर यायला लागले. मग मला बढती मिळाली, ती उतरत्या जिन्याने. आधी चादरी भिजवायला, मग गळक्या नळाखाली, मग कुंड्यांची माती कालवायला आणि शेवटी थेट माळ्यावर. तिथे मूठ नसलेली सूटकेस आणि पाती नसलेला पंखा होता. माणसं चांगली होती, पण बोलणं सगळं भूतकाळातलं. "आमच्या वेळी वारा असायचा," असं पंखा म्हणायचा आणि सूटकेस उसासा टाकायची. मी तिथे किती वर्षं काढली ते विचारू नका. मुलगी शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, हे सगळं मी वरूनच ऐकलं.

मग घड्याळजींनी दुकान बंद केलं आणि ते घरी बसले. काम नाही आणि हात मात्र शिवशिवतायत, अशी गत. भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळ त्यांनी सारखं उघडायला घेतलं.

"त्याला काही झालेलं नाही!" त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडायची.

"व्हायच्या आत बघतोय."

"तुम्ही बघितलं की होतं!"

शेवटी घड्याळाचा जीव वाचावा म्हणून लेकीने वडिलांना माशांची काचेची टाकी आणून दिली. त्यात एक चपट्या अंगाची जोडी होती, वरखाली लांब पंख, चालणं असं की जणू घर त्यांचंच आहे आणि बाकीचे पाहुणे. जोडीने पानावर अंडी घातली. अंड्यांतून पिल्लं निघाली. घड्याळजी घरभर नाचले! आणि मग काही दिवसांत सगळी पिल्लं तळाशी पडली. पुन्हा अंडी, पुन्हा पिल्लं, पुन्हा तेच. माशांच्या खाण्याची उत्तमातली उत्तम पावडर घालून झाली. प्रत्येक खेपेला घड्याळजी काचेसमोर खुर्ची टाकून बसायचे, हाक मारली तर ऐकायचे नाहीत. बंद पडलेलं चालू करून देणं हाच ज्याचा आयुष्यभराचा धंदा, त्याच्या डोळ्यांदेखत चालू असलेलं बंद पडत होतं. त्याला ते सोसेना. एकदा तरी एक खेप जगवायची, एवढंच त्यांच्या मनात उरलं.

ते माशांच्या दुकानात गेले. त्या दुकानदाराला सगळी गल्ली बुडबुडेवाला म्हणते. बुडबुडेवाला म्हणाला, "काका, पावडर त्या पिल्लांना दिसतच नाही हो. हलतं ते जेवण, हलत नाही तो कचरा, एवढंच त्यांना कळतं. जिवंत खाणं घरी वाढवा. आधी खाणं, मग अंडी."

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं.

"पिल्लं फक्त हलणारं खातात म्हणे."

"आणि तुम्ही न हलता खाता," ती म्हणाली. "जमायचं कसं तुमचं?"

पण घड्याळजींच्या हातात पाण्याने फुगवलेली एक पिशवी होती आणि तिच्यात काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं. त्याला पसरट, उथळ, मोठं भांडं हवं होतं. त्यांची नजर घरभर फिरली, भिंतीवर चढली, माळ्यावर पोचली आणि माझ्यावर येऊन थांबली!

मित्रांनो, तो क्षण! सूटकेस रडली. पंख्याच्या मनातही वारा सुटला असणार. मला खाली उतरवलं, घासलं, गॅलरीत ठेवलं, नळाचं पाणी भरून ते चांगलं मुरू दिलं, कारण नळाच्या पाण्यातलं औषध या जिवांना मानवत नाही. उन्हाने पाण्यावर हिरवी झाक आली. आणि मग पिशवी माझ्यात उघडली!

थेंबाथेंबात ठिपके. प्रत्येक ठिपका उडी मारतोय, खाली येतोय, पुन्हा उडी. पाणपिसवा! माझं पोट गुदगुल्यांनी भरून गेलं. इतक्या वर्षांत मला कुणी आतून हलवलं नव्हतं.

तेवढ्यात घरच्या बाई बाजारातून आल्या. आता त्यांना आजी म्हणायला हरकत नाही, कारण त्याच दिवशी मला कळलं की लेकीला बाळ होणार आहे.

"हा टब खाली कुणी काढला?"

"मी."

"नातवंडासाठी ठेवला होता मी तो!"

"त्याला अजून अवकाश आहे की. तोवर..."

"तोवर यात काय आहे?"

आजोबा जरा घुटमळले. "पिसवा."

गॅलरीत एवढी शांतता झाली, की मला माझ्यातल्या उड्या ऐकू यायला लागल्या.

"पाण्यातल्या आहेत," आजोबा घाईने म्हणाले. "चावत नाहीत."

"माझ्या नातवंडाच्या टबात," आजी एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तुम्ही पिसवा पाळल्यात."

शेवटी करार झाला. बाळ या घरात पाऊल टाकेल, म्हणजे कुणीतरी त्याला उचलून आणेल, त्या दिवशी टब रिकामा आणि लख्ख हवा. आजोबांनी कबूल केलं. कबूल करण्यात त्यांचा हातखंडा होता.

आणि मग सुरू झाले माझे सुगीचे दिवस! आजोबा चिमूटभर यीस्ट पाण्यात विरघळवायचे आणि माझ्यात घालायचे, पाणी जेमतेम धुरकट होईल इतकंच. पाणी निवळलं की पुन्हा चिमूटभर. पाणपिसवा तो धूर खाऊन टाकायच्या. एकीच्या दोन, दोघींच्या किती हे मोजायला मी काही शाळेत गेलेलो नाही. बहुतेक सगळ्या आयाच! पाठीवर काचेसारखी पारदर्शक पिशवी, पिशवीत पिल्लं, आणि पिल्लांसकट उड्या. तुमच्या आईला सांगून बघा एकदा.

एका सकाळी आजोबांनी घड्याळाची एक जुनी खोलगट काच घेतली, तिच्यात पाण्याचा थेंब आणि थेंबात एक पाणपिसू घेतली, आणि घड्याळं बघायचं काळं भिंग डोळ्यात अडकवून वाकले. वाकले ते वाकलेच. मग एकदम ओरडले, "अगं ये! इकडे ये! काळीज दिसतंय!"

"कुणाचं?" आजी आतून.

"हिचं! आरपार दिसतंय! काय भरभर चाललंय गं! चावी नाही, सेल नाही!"

"माझं कधी बघायला नाही आलात."

"तुझं बाहेरून दिसत नाही."

"तेच तर," आजी म्हणाल्या आणि आल्या नाहीत. त्यांनी कणीक मळायला घेतली होती, असं त्या म्हणाल्या. आजोबा मात्र ती काच उन्हात धरून कितीतरी वेळ उभे होते. दुकान बंद केल्यापासून ते भिंग त्यांनी डोळ्याला लावलं नव्हतं.

आता वरच्या मजल्यावर चला. म्हणजे तुम्ही चला, मी इथूनच सांगतो. आमच्या गॅलरीच्या नेमकी वर दातांच्या डॉक्टरांची गॅलरी आहे. तेही निवृत्त. दवाखाना बंद करताना रुग्णांच्या खोलीतली माशांची टाकी त्यांनी घरी आणली. मागे एकदा आजोबांची पिल्लं मेली, तेव्हा डॉक्टर जिन्यात म्हणाले होते, "घड्याळवाले, मासे म्हणजे काही घड्याळ नव्हे, चावी दिली की चाललं!" बोलायला ते गमतीत बोलले. पण आजोबांना ते अशा जागी लागलं, जिथे भूल दिलेली नव्हती. त्या दिवसापासून जिन्यात नुसत्या माना हलायच्या, त्याही उलट दिशांना.

असे हे डॉक्टर एकदा वरून वाकून म्हणाले, "काय घड्याळवाले, डास पाळताय?"

"पाणपिसवा आहेत."

"अरे वा! द्या की थोड्या वर. आमच्या माशांनाही कळू दे चव."

आजोबांनी ऐकू न आल्याचं केलं आणि आत जाऊन आजींना बजावलं, "एक पिसूसुद्धा हा जिना चढणार नाही!"

थोड्या दिवसांनी जोडीने पुन्हा अंडी घातली. पिल्लं निघाली आणि पोहायला लागली. आजोबांनी माझ्यातलं पाणी बारीक कापडातून गाळून सगळ्यात चिमुकल्या पाणपिसवा वेगळ्या काढल्या आणि ड्रॉपरने टाकीत सोडल्या. पिल्लांनी मान वळवली. म्हणजे माशाला मान नसते, तो सगळाच वळतो. एकाने नेम धरला, झेप घेतली, गट्ट! दुसऱ्याने! तिसऱ्याने! आजोबा टाळ्या पिटत खुर्चीवरून उठले आणि खुर्ची पडली. पिल्लांच्या पोटाला केशरी गोलाई आली. ज्या टप्प्याला आजवर प्रत्येक खेप तळाशी गेली होती, तो टप्पा निघून गेला आणि पिल्लं पोहतच होती!

इकडे आजी मात्र बोटं मोजत होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते आणि टबात गर्दी. करार आजोबांनी केला होता आणि आजोबांच्या करारांचा आजींना संसारभराचा अनुभव होता. म्हणून त्यांनी आपला मार्ग काढला. दुपारी आजोबांचा डोळा लागला, की त्या चहाची जुनी गाळणी आणि आंघोळीचा मग घेऊन गॅलरीत यायच्या, माझ्यातून मगभर पाणपिसवा उपसायच्या आणि जिना चढायच्या. टब हळूहळू रिकामा होईल आणि आजोबांना वाटेल आपोआप संपल्या, असा बेत.

"डॉक्टर, यांनी पाठवलंय," हे मला वरून ऐकू यायचं.

"त्यांनी? मला?"

"मनाने चांगले आहेत हो. तोंड तसं आहे."

"तोंडाचं मला सांगू नका, माझा धंदाच तो होता. आणा इकडे."

मित्रांनो, आता गंमत ऐका! आजींनी मगभर काढल्या की दुसऱ्या दिवशी माझ्यात आधीपेक्षा जास्त पाणपिसवा! दोन मग काढले, तर त्याहून जास्त! आजी गाळणी हातात धरून बघतच राहायच्या. "मेल्या काढाव्या तेवढ्या वाढतायत," असं त्या एकदा मलाच म्हणाल्या.

आणि संध्याकाळी आजोबा माझ्यात डोकावून छाती फुगवायचे. "बघितलंस? हाताचा गुण आहे!"

"कुणाच्या?"

"माझ्या! आणखी कुणाच्या?"

आजी पदराआड तोंड लपवून आत जायच्या. खरं कारण फक्त मला कळत होतं, कारण ते माझ्या पोटात घडत होतं. पाणपिसवांची गर्दी झाली, की त्या पोरं होऊ देणं आवरतं घेतात. खायला पुरत नाही, श्वासाला पुरत नाही, मग एक दिवस सगळंच कोसळतं. पण कुणी रोज थोड्या काढत राहिलं, तर उरलेल्यांना मोकळी जागा मिळते आणि त्या दुप्पट उत्साहाने कामाला लागतात. आजोबा पिल्लांसाठी काढायचे ते ड्रॉपरभर. माझं बिऱ्हाड चालवत होत्या त्या आजी, ज्यांना ते उठवायचं होतं!

आणि मग फोन आला. लेकीला मुलगी झाली होती, ठरलेल्या दिवसाच्या जरा आधी, पण दोघी ठणठणीत! घरात एकच गोंधळ उडाला. आजींनी मिळेल ते पिशवीत कोंबलं. आजोबांनी त्यांना घाईत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला दिल्या आणि त्यांनी त्या घातल्याही. "मी तिला आणि बाळाला घेऊनच येते!" असं म्हणत त्या निघाल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "टब!"

"हो हो, टब!" आजोबा म्हणाले.

दार लागलं. आजोबा एकटेच राहिले आणि आनंद तर पोटात मावत नव्हता. कुणाला सांगणार? वर डॉक्टरांशी अबोला. शेवटी ते मला सांगायला आले. "अरे, आजोबा झालो!" असं म्हणत त्यांनी पेला भरून यीस्ट कालवलं. चिमूटभर नाही, पेलाभर! "खा गं बायांनो! आज तुम्हाला मेजवानी!" आणि सगळा पेला माझ्यात ओतला. समाधान झालं नाही म्हणून दुसरा.

मला ओरडावंसं वाटलं, मित्रांनो. पण टबाला तोंड केवढंही मोठं असलं तरी आवाज नसतो.

सकाळी माझं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. आंबट वास सुटला होता. आणि उडी एकही नव्हती. माझं सगळं पोट शांत. माळ्यावरसुद्धा मला इतकं शांत वाटलं नव्हतं.

आजोबा भिंग लावून वाकले. काचेतला थेंब बदलून बदलून त्यांनी पाहिला. एकाही थेंबात ठोका नव्हता. मग त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि माझ्या कडेवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

आतल्या टाकीत पिल्लं काचेला येऊन चिकटली होती, कारण ही वेळ ड्रॉपरची. आजोबांनी पावडर घालून बघितली. ती त्यांच्या तोंडासमोरून खाली गेली आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यांनी बुडबुडेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, माझ्याकडच्या कधीच संपल्या. मीच तुमच्याकडे मागायला येणार होतो."

मग त्यांनी आजींना फोन लावला, गॅलरीतूनच, मोठ्या आवाजावर, कारण जन्मभर टिकटिक ऐकून त्यांच्या कानांना बारीक आवाजाचा कंटाळा आलाय.

"बाळ कसं आहे?"

"मस्त! तुमच्यासारखं कपाळ आहे बाई तिचं, पण ते बदलेल. तुमचा आवाज असा का?"

आजोबांनी सगळं सांगितलं. पेल्याचं सांगताना ते थांबले, पण सांगितलं. "ही खेप पण गेली गं," ते म्हणाले. "इतकी मोठी झाली होती."

पलीकडून "धर गं हिला जरा" असं ऐकू आलं.

"वर जा," त्या म्हणाल्या.

"कुठे वर?"

"डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे आहेत तुमच्या पिसवा."

"माझ्या? त्यांच्याकडे? कशा?"

"तुम्ही रोज पाठवता ना!"

"मी? मी एक पिसूसुद्धा..."

"अहो, भांडण नंतर! मी आले की जोरात भांडू, मी वेळ काढून ठेवते. आधी पिल्लांना जेवायला द्या!"

आजोबांनी फोन ठेवला. रिकामा मग हातात घेतला. दारापर्यंत गेले, परत आले, मग माझ्या कडेवर ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी आत पिल्लांकडे एक नजर टाकली आणि जिन्यावर त्यांची पावलं वाजली. ती वर गेली! मी प्रत्येक पायरी ऐकत होतो.

वरच्या गॅलरीत डॉक्टरांचा आवाज आला. "या या! आभार मानायला मीच खाली येणार होतो. काल खाऊ आला नाही, म्हटलं आजारी पडलात की काय!"

आजोबा म्हणाले, "डॉक्टर, त्या मी पाठवल्या नव्हत्या."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

"कसं?"

"तुम्ही पाठवल्या असत्या, तर बरोबर सूचना आल्या असत्या."

"मग घेतल्यात कशाला?"

"मी नको म्हणत होतो हो. मासे म्हणाले, घ्या."

मला हसू आलं आणि माझं पाणी हललं. मग काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला आणि आजोबा एकदम ओरडले, "अहो, हे काय! केवढ्या आहेत या!"

"मासे खाऊन खाऊन फुगले. उरलेल्या फेकवेनात, म्हणून या मोठ्या बरणीत पाळल्या. त्याही वाढल्या, तेव्हा यात ठेवल्या."

"हे भांडं कसलं आहे?"

"दवाखान्यातल्या खुर्चीचं. चूळ भरायचं. भोक बुजवलंय."

"शी!"

"धुतलंय! आणि तुम्ही काय चांदीच्या घंगाळात पाळल्या होत्या? चला, तो मग इकडे करा. आणि रोज थोड्या काढत जा, साठवून ठेवू नका. माझ्याही एकदा अशाच कोसळल्या होत्या. गर्दी झाली की मरतात. काढत राहिलं की वाढतात."

आजोबा हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या हाताचा गुण नव्हता तर."

"हात तुमच्याच घरातला होता," डॉक्टर म्हणाले. "एवढं समाधान माना."

आजोबा जिना उतरले ते जवळजवळ धावत. ड्रॉपर बुडाला, टाकीत गेला आणि... मला गॅलरीतून दिसत नव्हतं, पण खुर्ची पडल्याचा आवाज आला! मित्रांनो, तो आवाज मला ओळखीचा होता. पिल्लं खात होती!

मग आजोबांनी माझ्यातलं पांढरं पाणी कुंड्यांना घातलं. मला घासलं, पुन्हा घासलं, उन्हात पालथं घातलं. डॉक्टर बरणीतल्या निम्म्या पाणपिसवा घेऊन खाली आले आणि मला पालथा बघून म्हणाले, "हा भरायचा ना?"

आजोबांनी माझ्या बुडावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "नको. याला दुसरीकडे बोलावणं आहे. तुमच्याकडेच राहू द्या. मी वर येत जाईन."

"रोज?"

"पिल्लं रोज जेवतात."

"या बापडे. पण सूचना नकोत."

सूचना रोज गेल्या. दोघं वरच्या गॅलरीत रोज भांडायला लागले, यीस्ट किती, ऊन किती, कापड कुठलं, आणि इतक्या आनंदाने, की खालच्या मजल्यावरच्या माणसाला वाटावं कुणीतरी गाण्याचा रियाज करतंय.

मला मात्र एकदम पोकळ वाटत होतं, खोटं कशाला बोलू. काळजांची सवय झाली होती. कोरडा, स्वच्छ, वास नसलेला टब म्हणजे काय, तर नुसतं निळं प्लास्टिक.

आणि एके सकाळी दारात एकच गलका उठला! आजी, लेक आणि कपड्यांच्या गाठोड्यात एक गाठोडं, जे रडत होतं. आजींनी आल्या आल्या पहिल्यांदा मला बघितलं. आत हात फिरवला. वास घेतला. पुन्हा घेतला. मग आजोबांकडे बघून म्हणाल्या, "शब्द पाळलात?"

"तू मला न सांगता माझ्या पिसवा उपसल्यास?"

"मी उपसल्या म्हणून जगल्या!"

"तू संपवायला उपसत होतीस!"

"तेच तर! इतके दिवस मी शत्रूच्या शेताला पाणी घालत होते, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!"

लेक म्हणाली, "आई, बाबा, भांडण नंतर. बाळाची आंघोळ!"

माझ्यात कोमट पाणी आलं. आजींनी कोपर बुडवलं, तेच कोपर! मान डोलवली आणि त्या चिमुकल्या बाईला हळूच माझ्यात सोडलं. तिचा अंगठा खाली गेला आणि बदकाला लागला. मी शहारलो. तिने पाणी उडवलं. माझं पोट पुन्हा हललं!

आजोबा वाकून बघत होते. एकाएकी ते थबकले. कपाटाकडे गेले, भिंग आणलं, डोळ्याला लावलं आणि बाळाच्या डोक्याजवळ वाकले. तिथे, कोवळ्या टाळूवर, मऊ केसांखाली काहीतरी हळूच उचललं जात होतं, खाली जात होतं, पुन्हा उचललं जात होतं.

"अगं ये," आजोबा म्हणाले, आणि या वेळी ओरडले नाहीत. "दिसतंय. आरपार."

बाळाला लेकीच्या हातावर सोपवून, ओले हात पुसून आजी जवळ सरकल्या. आजोबांनी भिंग स्वतःच्या डोळ्यावरून काढून त्यांच्या डोळ्याला लावून दिलं, नीट बसलंय ना ते बघितलं, आणि दोघं माझ्या कडेवर टेकून कितीतरी वेळ तो ठोका बघत राहिले.

"भरभर चाललंय," आजी म्हणाल्या.

"चालू दे," आजोबा म्हणाले.

आतल्या टाकीत पिल्लं आता आईबापासारखीच लांब पंख लावून फिरतायत. त्यातली काही वर डॉक्टरांकडे गेली आहेत, काही बुडबुडेवाल्याकडे. त्यांच्या बदल्यात आजोबांनी काही घेतलं नाही. उलट बरोबर सूचना दिल्या.

मित्रांनो, जुन्या टबाने शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागतो. मला माळ्यावर टाकू नका, हे तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं हे, की तुमच्या घरात काही वाढत असेल, रोप असो, पाणपिसवा असोत, नाहीतर आनंद असो, तर एकट्याने पेला भरभरून ओतू नका. मगभर काढा आणि जिना चढा. वरच्या माणसाशी बोलणं बंद असेल, तर आधी वर जा, बोलणं येतंय मागून.

आता मला जास्त बोलता येणार नाही. पाणी यायची वेळ झाली आहे, आणि आजी कोपर घेऊन निघाल्या आहेत!